सदुसष्ट वर्षांच्या दात्याचं फुप्फुस आलं तर घ्यावं का?

उदगीरहून एका ताईंनी विचारलं आहे: वडील, म्हणजे घरचे अण्णा, ६१ वर्षांचे आहेत. फुप्फुसांना फायब्रोसिस झालाय, म्हणजे ती आतून घट्ट, व्रणासारखी होत चालली आहेत; घरी चोवीस तास ऑक्सिजन चालू असतो. हैदराबादच्या एका केंद्रात प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवलंय. तिथल्या समन्वयकांनी एक संमतिपत्र पुढे केलं आणि ‘साठीपुढच्या दात्याचं फुप्फुस आलं तर घ्याल का?’ असं विचारलं. भाऊ म्हणतो, ‘म्हातारंच फुप्फुस बसवायचं तर एवढा खर्च आणि जीवावरची जोखीम कशाला?’ दुसरी गोष्ट, गल्लीतल्या ६६ वर्षांच्या काकू मेंदूत रक्तस्राव होऊन, व्हेंटिलेटरवर असताना गेल्या. त्यांच्या मुलाने अवयवदानाची चौकशी केली तेव्हा दवाखान्यातून ‘या वयात फक्त डोळे’ असं उत्तर मिळालं. मग या वयाचं फुप्फुस चालतं की नाही?

ताई, आधी मत सांगतो, कारणं नंतर. अण्णांच्या जागी माझे वडील असते तर मी त्या कागदावर सही केली असती. सही करण्याआधी केंद्राला काही प्रश्न मात्र विचारले असते, ते पुढे येतीलच. काकूंबद्दल जे सांगितलं गेलं ते मला पटत नाही. त्याबद्दलही लिहितो, कारण आपल्या मराठवाड्यासाठी तोच भाग जास्त महत्त्वाचा आहे.

फुप्फुसाचा दाता ५५ वर्षांच्या आतला असावा, असा एक जुना नियम आहे. तो कुठून आला ते पाहा. १९६३ मध्ये अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी माणसात पहिलं फुप्फुस बसवलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकणारं पहिलं यश १९८३ मध्ये टोरांटोला जोएल कूपर यांच्या गटाला मिळालं. त्या काळात शस्त्रक्रियाच इतकी अवघड होती की दात्याच्या बाजूने कोणालाच धोका नको होता. म्हणून ‘आदर्श दाता’ ठरला: वय ५५ च्या आत, एक्स-रे स्वच्छ, रक्तातला ऑक्सिजन भरपूर, सिगारेट नाममात्र. ही यादी सावधगिरीतून आली होती. ५५ व्या वर्षी फुप्फुसात काही एकदम बिघडतं असं कोणी मोजून दाखवलेलं नव्हतं. पुढे दाते कमी आणि वाट पाहणारे जास्त, अशी अवस्था झाली. तेव्हा केंद्रांनी एकेक अट सैल करून पाहिली, त्यात वयाची अट बऱ्यापैकी निर्धास्तपणे सैल करता आली.

वयाने फुप्फुसाचं काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याचा लवचीकपणा कमी होतो, हवेच्या पिशव्या थोड्या रुंदावतात. फुंकर मारायची ताकद, जी आम्ही पीएफटीत, म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेच्या चाचणीत मोजतो, ती तिशीनंतर दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने उतरते. पण निसर्गाने फुप्फुसं गरजेपेक्षा खूप जास्त दिलेली आहेत. एका बाजूचं अख्खं फुप्फुस काढलेली माणसं शेतीची हलकी कामं करत जगताना मी पाहतो. म्हणून उदाहरणादाखल सदुसष्ट वय धरलं, तर त्या वयाच्या निरोगी, धूम्रपान न केलेल्या माणसाची दोन्ही फुप्फुसं तरुणाच्या तुलनेत उणी असली, तरी अण्णांच्या आजच्या फुप्फुसांपुढे ती कितीतरी सरस ठरतात.

दात्याचं फुप्फुस जोखायला ‘ओटो स्कोअर’ नावाची एक पद्धत आहे. तिच्यात पाच गोष्टींना गुण देतात: वय, धूम्रपान, एक्स-रे, श्वासनळीतला कफ आणि रक्तातला ऑक्सिजन. एकूण गुण १८, जितके जास्त तितकं फुप्फुस वाईट. त्यात वयाला जास्तीत जास्त ३ गुण, ऑक्सिजनला मात्र ६. म्हणजे ४० वर्षांच्या दात्याच्या नळीत पू आहे, एक्स-रेवर डाग आहेत आणि ऑक्सिजन उतरलाय, तर तो फुप्फुसाच्या दृष्टीने ६७ च्या निरोगी दात्यापेक्षा बराच खाली जातो. आपल्याकडचे तरुण दाते बहुतेक मोटारसायकलच्या अपघातातले असतात. बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला मुका मार लागलेला, बेशुद्धीत उलटी श्वासनळीत गेलेली. साठीपुढचा दाता सहसा बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झालेला असतो आणि त्याची छाती बऱ्याचदा शाबूत असते. ही गोष्ट नातेवाइकांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांच्या कानावर फक्त वयाचा आकडा पडतो.

वयापेक्षा मला जास्त भीती वाटते ती त्या वर्षांत फुप्फुसात काय काय गेलं याची. इथे पुस्तकातली यादी आपल्या भागाला जशीच्या तशी लागू होत नाही. पुस्तकात सिगारेटचा हिशोब असतो: रोज २० सिगारेटी, एक वर्ष, म्हणजे एक ‘पॅक-इयर’, आणि असे २० च्या आत हवेत. आपल्याकडे बिडी. बिडीत तंबाखू कमी म्हणून काही जण तिला अर्धी धरतात, मी धरत नाही. धूर सिगारेटपेक्षा कमी घातक नसतो आणि ती विझू नये म्हणून ओढणारा जोरजोरात झुरके घेतो. दुसरं म्हणजे चूल. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जाळून चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला ‘धूम्रपान नाही’ असा शेरा मिळतो आणि कागदावर ती आदर्श दाता ठरते. मग तिच्या श्वासनळीत दुर्बीण घालून पाहिलं की नळीच्या आतल्या अस्तरावर काळे चट्टे दिसतात, काहींमध्ये उजव्या मधल्या खंडाची नळी आवळून अरुंद झालेली असते. असं फुप्फुस घेतलं तर पुढे कफ अडकून राहण्याचा धोका असतो. म्हणून चुलीपुढे आयुष्य गेलेल्या दात्याची ब्रॉन्कोस्कोपी अनुभवी माणसानेच करावी, असा माझा आग्रह असतो. जिनिंगमध्ये काम केलेल्यांचंही तसंच, कापसाच्या धुळीने नळ्या आवळतात. दात्याच्या घरच्यांशी बोलताना ‘व्यसन होतं का?’ एवढं विचारून भागत नाही. स्वयंपाक कशावर व्हायचा, काम कुठे करायचे, घरात कोणाला टीबी होता का, हे सगळं विचारावं लागतं.

टीबीचं वेगळं सांगतो. साठी ओलांडलेल्या आपल्या लोकांच्या सीटीत वरच्या खंडात जुना, चुनखडी धरलेला ठिपका सापडणं ही रोजची बाब आहे. तेवढ्यावरून फुप्फुस टाकून देण्याचं कारण नाही. मात्र ज्याला ते बसवायचं त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली आणलेली असते, त्यामुळे झोपलेला जंतू जागा होऊ शकतो. अशा वेळी रुग्णाला काही महिने आयसोनियाझिड हे टीबीचं औषध देऊन ठेवतात. खरा टीबी उसळला तर उपचार किचकट होतात, कारण टीबीचंच दुसरं औषध, रिफाम्पिसिन, प्रत्यारोपणाच्या मुख्य औषधाची, टॅक्रोलिमसची, रक्तातली पातळी खाली पाडतं. म्हणून केंद्राला नक्की विचारा की साठीपुढच्या प्रत्येक दात्याचा छातीचा सीटी काढता का. एक्स-रेवर न दिसणारा सुरुवातीचा एम्फिसीमा (हवेच्या पिशव्या फाटून फुप्फुस फुगलेलं राहणं) आणि लहानशी कर्करोगाची गाठही सीटीतच सापडते. वाढत्या वयाबरोबर अशी गाठ असण्याची शक्यता थोडी वाढते, हे मान्य करायला हवं.

शेवटचा निवाडा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होतो. दात्याची छाती उघडल्यावर फुप्फुसं पूर्ण फुगवतात आणि मग भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटरची नळी सुटी करतो. चांगलं फुप्फुस बघता बघता खाली बसतं. एम्फिसीमाचं बसत नाही, हवा धरून तसंच फुगलेलं राहतं. मग सर्जन एकेक खंड बोटांत धरून चाचपतो. कुठे टणक गाठ लागते का, खालचा भाग पाण्याने जड झालाय का, हे बोटांना कळतं. फुप्फुसातून हृदयाकडे येणाऱ्या चार शिरांमधलं रक्त वेगवेगळं काढून तपासतात, म्हणजे कोणता भाग काम करतोय आणि कोणता नाही ते उघड होतं. पृष्ठभागावर काळे ठिपके, काळ्या रेघा तर आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वयस्क फुप्फुसावर असतात. नुसता रंग पाहून अनुभवी सर्जन घाबरत नाही. हे सगळं पाहून त्याने ‘नको’ म्हटलं तर तुम्हाला हैदराबादपर्यंत धावूनही परत यावं लागेल. असं झालं तर चिडू नका, ती तुमच्याच अण्णांची काळजी असते.

आता वेळ. म्हाताऱ्या फुप्फुसाबाबत मी सर्वांत कडक असतो तो इथे. दात्याच्या शरीरातून निघाल्यापासून रुग्णाच्या शरीरात रक्त सुरू होईपर्यंत फुप्फुस बर्फात असतं, आणि सहा तासांच्या आत ते बसावं असा जुना दंडक आहे. आंतरराष्ट्रीय नोंदींच्या १९९९ च्या विश्लेषणात एक गोष्ट पुढे आली: दात्याचं वय आणि बर्फातला वेळ दोन्ही एकत्र वाढले की पहिल्या वर्षातले मृत्यू वाढतात. तरुण फुप्फुस थोडा उशीर सोसतं, वयस्काला तेवढी सवलत नाही. शिवाय दोन्ही फुप्फुसं बसवताना दुसऱ्याची पाळी तास-दीड तास उशिरा येते, तोवर ते बर्फातच असतं. त्यामुळे हैदराबाद शहरातच मिळालेल्या ६७ च्या दात्याला मी पटकन हो म्हणेन. तोच दाता दूरच्या राज्यात असेल, विमान मिळायला वेळ लागणार असेल, तर दहा वेळा विचार करेन. यावर दोन उपाय आलेत. एक म्हणजे शरीराबाहेर यंत्रावर फुप्फुसाला श्वास आणि द्रव देत तपासणं. स्वीडनमध्ये स्टीग स्टीन यांच्या गटाने याची सुरुवात केली, टोरांटोच्या गटाने ते रुजवलं आणि आपल्याकडेही काही केंद्रांनी ते वापरलंय. दुसरा उपाय म्हणजे बर्फाऐवजी १० अंशांवर साठवण. त्याने हातात जास्त तास मिळतात. तुमच्या केंद्रात यातलं काय आहे, ते विचारा.

आता भावाच्या प्रश्नाकडे येतो. तो रास्त आहे. त्याच्या मनात असं आहे की ६७ चं फुप्फुस अजून सात-आठ वर्षांत संपेल. पण बसवलेलं फुप्फुस सहसा म्हातारं होऊन बंद पडत नाही. ते बंद पडतं शरीराने हळूहळू नाकारल्यामुळे आणि संसर्गामुळे, आणि तरुण दात्याचं फुप्फुसही याला अपवाद नाही. जगभरच्या नोंदींप्रमाणे २०१० नंतर प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण साधारण साडेसहा वर्षांच्या पुढे जगतात. काही दहा-पंधरा वर्षं जगतात, काहींचं पहिल्याच वर्षात बिनसतं. नीट निवडलेल्या साठीपुढच्या दात्यांचे निकाल बऱ्याच अनुभवी केंद्रांत तरुण दात्यांच्या जवळपास आले आहेत. काही मोठ्या नोंदींमध्ये लांबच्या पल्ल्यावर थोडा फरक दिसतो, आणि पीएफटीचा आकडा थोडा खालीच स्थिरावतो. पंचविशीतल्या मुलाला फुप्फुस हवं असतं तर हा फरक मी गंभीरपणे घेतला असता, त्याला तीस वर्षं काढायची असतात. ६१ वर्षांच्या अण्णांच्या बाबतीत तराजू वेगळा आहे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही भावाला स्पष्ट सांगा. कारण न सापडणारा फुप्फुसाचा फायब्रोसिस निदानानंतर सरासरी तीन ते पाच वर्षं देतो. चोवीस तास ऑक्सिजन लागायला लागला की त्यातला बराच काळ सरलेला असतो. सर्दीचं निमित्त होतं, आजार एकदम भडकतो, आणि आठवड्यात माणूस व्हेंटिलेटरवर जातो. यादीत नाव असताना गेलेले रुग्ण माझ्याच ओपीडीतले आहेत. त्यातल्या काहींच्या घरच्यांनी ‘तरुणाचंच येऊ द्या’ म्हणून वाट पाहिली होती. ब्रिटनमध्ये १९९९ ते २०१० या काळातल्या नोंदी तपासून २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. तो धूम्रपान करणाऱ्या दात्यांबद्दल होता. अशा दात्यांची फुप्फुसं मिळालेल्यांचे निकाल इतरांपेक्षा खाली होते. पण ती न घेता यादीतच थांबण्यापेक्षा ती घेण्यात जगण्याची शक्यता जास्त होती. वयस्क दात्यांबाबत मी याच पद्धतीने विचार करतो: या फुप्फुसाची तुलना आदर्श फुप्फुसाशी करायची नसते, अण्णांच्या पुढच्या सहा महिन्यांशी करायची असते.

एक गोष्ट मला सही करण्याआधी थांबवू शकते. अण्णांच्या फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब खूप वाढलेला असेल तर. फायब्रोसिस आणि हा दाब एकत्र असले की नवं फुप्फुस पहिल्या तीन दिवसांत पाण्याने भरून काम थांबवण्याचा धोका वाढतो. त्यात वयस्क दाता आणि लांबलेला बर्फातला वेळ यांची भर नको. इको आणि कॅथेटरच्या तपासणीत तो आकडा असतो, फाईल उघडून पाहा. दाब माफक असेल तर माझी काही हरकत नाही. एक फुप्फुस की दोन, हेही विचारा. तरुण दात्याचं एकही पुरतं, पण दाता वयस्क असेल तर जमल्यास दोन्ही बसवलेली मला बरी वाटतात.

आता काकूंबद्दल. आपल्या कायद्यात अवयव देणाऱ्यासाठी वयाची वरची रेघ नाही. कोणता अवयव घेण्याजोगा आहे, हे त्या वेळच्या तपासण्या ठरवतात. घेणाऱ्यांच्या बाबतीतही केंद्र सरकारने २०२३ मध्ये ६५ वर्षांची नोंदणीची मर्यादा आणि त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अट काढली. त्याच बदलामुळे उदगीरच्या माणसाचा दुसऱ्या राज्यात नाव नोंदवायचा मार्ग सोपा झालाय. हृदय थांबल्यानंतर डोळे आणि त्वचा देता येते, हे खरं. पण काकू व्हेंटिलेटरवर होत्या आणि मेंदूत रक्तस्राव होता. अशा वेळी मेंदूमृत्यूची (मेंदू कायमचा बंद, पण व्हेंटिलेटरवर हृदय अजून चालू) तपासणी व्हायला हवी होती: चार डॉक्टरांचं मंडळ, ठरलेल्या चाचण्या, सहा तासांच्या अंतराने पुन्हा त्याच चाचण्या, आणि मग घरच्यांची संमती. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय समिती आहे. तिला एक फोन झाला असता तर ‘कोणता अवयव चालेल’ हे दवाखान्यातल्या एकाने ठरवायची गरज उरली नसती. कदाचित फुप्फुसं चालली नसती. यकृत चाललं असतं, मूत्रपिंडं चालली असती. विचारायलाच हवं होतं.

बीड, परभणी, हिंगोलीच्या आयसीयूत काम करणाऱ्या डॉक्टर मित्रांना याच निमित्ताने सांगतो. मेंदूमृत्यूनंतर सगळ्यात आधी हातातून जातं ते फुप्फुस. मेंदू मरताना रक्तदाब भयंकर उसळतो, फुप्फुसात पाणी झिरपतं. वरून आपण सलाईन ओततो, मोठे श्वास देतो, कफ काढायला कोणी वळत नाही. २०१० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दात्यांना छोटे श्वास, जास्त पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) आणि व्हेंटिलेटर न काढता ॲप्निया टेस्ट (स्वतःहून श्वास येतो का ही मेंदूमृत्यूची चाचणी), असं सांभाळलं. नेहमीच्या पद्धतीत ५४ टक्के दाते फुप्फुस देण्याच्या निकषांत बसत होते, या पद्धतीत ९५ टक्के बसले. वयस्क दात्याच्या बाबतीत हे तास अधिकच मोलाचे, त्याच्याकडे राखीव ताकद कमी असते. किलोमागे सहा ते आठ मिलिलिटरचा श्वास, पीप आठ-दहा, पाणी हात राखून, डोकं तीस अंश वर, दर काही तासांनी कूस बदलणं आणि नळी साफ करणं. यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही, तालुक्याच्या आयसीयूतही हे होतं. मग १०० टक्के ऑक्सिजन आणि पीप पाचवर गॅस, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी काढा, आकडा ३०० च्या वर आला तर समन्वयकाला लगेच कळवा. पहिल्या गॅसला २२० आला म्हणून फुप्फुस बाद करू नका, चार-सहा तास नीट सांभाळून पुन्हा काढा.

ताई, पुढच्या भेटीला केंद्रात जाताना भावाला सोबत न्या आणि हे विचारा: गेल्या काही वर्षांत साठीपुढच्या दात्याची किती फुप्फुसं तुम्ही बसवली, त्यातले एक वर्षानंतर किती जण घरी आहेत, सीटी आणि ब्रॉन्कोस्कोपी प्रत्येक वेळी होते का, बर्फातला वेळ किती तासांपर्यंत मान्य करता. अनुभवी केंद्र ही उत्तरं टाळत नाही. दात्याचं नाव-गाव तुम्हाला कळणार नाही, ते बरोबरच आहे. वय, मृत्यूचं कारण आणि धूम्रपानाचा इतिहास मात्र तुम्ही विचारू शकता. संमती दिलीत तरी फोन आल्यावर त्या विशिष्ट दात्याला नाही म्हणायचा हक्क राहतो, आणि नाही म्हटल्याने यादीतलं नाव जात नाही ना, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

फोन रात्री दोनलाही येऊ शकतो, आणि तेव्हा घरात चर्चा करायला वेळ नसतो. उदगीरहून हैदराबाद चार-पाच तासांवर आहे. दाता वयस्क असेल तर तेवढाही उशीर अण्णांच्या विरोधात जाऊ शकतो. जमत असेल तर केंद्राजवळ खोली घेऊन राहा. नसेल जमत तर गाडी आणि ड्रायव्हर आजच ठरवा. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि एक जादा दाराशी ठेवा, कारण वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं घरचं यंत्र, बंद पडतो. तोवर अण्णांना बसल्या जागी पायांचे व्यायाम करायला लावा आणि वजन उतरू देऊ नका. फुप्फुस कोणत्याही वयाचं आलं तरी ते सोसायला अण्णांच्या मांड्यांत ताकद हवी.